वाहनचालनाचे शिक्षण आणि इंद्रियांवरील भार : वऱ्हाडातील घाटावरच्या मुलुखाच्या संदर्भात

यंत्र चालविणे ही एक विद्या आहे आणि रस्त्याने जाणे ही दुसरी. मोटार चालविणाऱ्यास या दोन्ही एकाच वेळी उपयोगात आणाव्या लागतात, म्हणून त्या मुळात एकच आहेत असा समज रूढ झालेला दिसतो. पहिल्या विद्येत हातापायांचा मेळ मुख्य असतो. क्लच दाबणे, गिअर बदलणे, स्टिअरिंग पेलणे, ब्रेकवर पाय केव्हा आणि किती द्यावयाचा हे जाणणे, हा तिचा विषय होय. दुसऱ्या विद्येत डोळे, कान आणि अंदाज यांना प्राधान्य असते. समोरून येणाऱ्या ट्रकची गती, कडेने चाललेल्या सायकलस्वाराचा हेतू, मागून वाजणाऱ्या हॉर्नचा अर्थ आणि रस्त्यात आडव्या आलेल्या जनावराचा कल ओळखणे हा तिचा विषय. नवशिक्यावर हे दोन्ही विषय एकाच क्षणी येऊन आदळतात. परिणामी त्याचे हात थिजतात, कानात नुसता गोंगाट उरतो, आणि पाहावयाचे ते न दिसता भलतेच डोळ्यांत भरते. या स्थितीस प्रस्तुत लेखात ‘इंद्रियभार’ असे म्हटले आहे. इंद्रिये कमी पडल्यामुळे ही स्थिती येत नाही. इंद्रियांनी आणलेल्या मालातून महत्त्वाचे कोणते आणि गौण कोणते हे निवडण्यास मन अपुरे पडते, म्हणून ती येते.

या भारावर समाजाने कोणते उपाय योजले, याचा इतिहास पाहू लागल्यास तीन धारा दिसतात. कायद्याने इंद्रियांतील उणीव तपासली. मानसशास्त्राने प्रथम योग्य माणसे निवडण्याकडे लक्ष दिले आणि पुढे अवधानाच्या मर्यादेचा अभ्यास केला. तिसरी धारा मात्र कोठे लिहिली गेली नाही. दोन विद्या अलग करून एकीनंतर दुसरी शिकण्याची ही रीत ट्रकच्या केबिनमध्ये आणि शेतातील ट्रॅक्टरवर आपोआप रूढ झाली होती. या तिसऱ्या धारेचे मोल ओळखल्याशिवाय आजच्या वाहनशिक्षणातील अडचण उलगडत नाही, असे या विवेचनाचे प्रतिपाद्य आहे. त्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील घाटावरचा मुलूख, आणि त्यातही मेहकर तालुक्यातील डोणगावाचा परिसर, उदाहरणादाखल घेतला आहे.

१. बैलगाडीचा मुलूख आणि मोटारीचे आगमन

वऱ्हाडचे जुने भौगोलिक विभाग दोन, पायनघाट आणि बालाघाट. बुलढाणा जिल्ह्यातील लोकव्यवहारात ‘घाटाखाली’ आणि ‘घाटावर’ हेच शब्द आजही प्रचारात आहेत. घाटाखालच्या भागातून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग गेला. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही त्यावरील स्थानके होत. जलंबहून खामगावास जाणारा फाटा १८७० मध्ये मुख्यतः कापसाच्या व्यापारासाठी उघडण्यात आला. घाटावरील मेहकर, लोणार, चिखली, सिंदखेडराजा या भागांत मात्र रेल्वे आजवर आलेली नाही. खामगाव ते जालना या मार्गाची मागणी फार जुनी आहे.

या गोष्टीचा प्रस्तुत विषयाशी निकटचा संबंध आहे. घाटाखालच्या माणसाला यांत्रिक वेगाची ओळख प्रथम आगगाडीने झाली. ती ओळख प्रवाशाच्या नात्याने होती. रूळ ठरलेले, मार्ग मोकळा आणि चालक दृष्टीआड अशी ती व्यवस्था होती. घाटावरच्या माणसाची यांत्रिक वाहनाशी पहिली भेट मोटारीच्या रूपाने झाली, आणि तीही बैलगाड्या, गुरे, पायी चालणारी माणसे व आठवडी बाजार ज्या रस्त्यावर नांदत होते त्याच रस्त्यावर. डोणगाव हे मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या, म्हणजेच छत्रपती संभाजीनगर (२०२३ पूर्वीचे औरंगाबाद) आणि नागपूर यांना जोडणाऱ्या जुन्या मार्गावरील मोठे गाव. दूर पल्ल्याची अवजड वाहतूक आणि गावकीची संथ रहदारी यांची गाठ अशा गावांत रोज पडते.

बैलगाडी हाकणाऱ्यावरही इंद्रियांचा भार नव्हता असे नाही. परंतु त्याच्या आणि मोटारचालकाच्या स्थितीत एक मूलभूत भेद आहे. बैलगाडी ताशी तीन-चार किलोमीटरच्या गतीने चालते, आणि तिला जुंपलेले जनावर स्वतः पाहते, ऐकते व वास घेते. खड्डा दिसला की बैल बुजतो, ओळखीची वाट आली की आपण होऊन वळतो. रात्री गाडीवान डुलक्या घेत असता बैलांनी गाडी घरी आणली, हा अनुभव खेड्यापाड्यांत सर्वश्रुत होता. याचा अर्थ असा की त्या वाहनात अवधानाची विभागणी झालेली होती, त्याचा काही वाटा माणसाकडे आणि काही जनावराकडे होता. मोटारीने वेग वाढविला ही गोष्ट सर्वांच्या लक्षात येते. तिने वाहनातील इंद्रियांची दुसरी जोडी काढून घेतली ही गोष्ट तितकीशी लक्षात येत नाही. ताशी ४० किलोमीटर गतीने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटरांहून अधिक अंतर काटते. तेवढ्या वेळात जे पाहावयाचे, ऐकावयाचे आणि ठरवावयाचे, ते सर्व एकट्या माणसाने करावयाचे, असा हा नवा करार होता.

२. कायद्याची दृष्टी

या कराराची पात्रता कोणी आणि कशी ठरवावयाची, हा प्रश्न प्रथम युरोपात उपस्थित झाला. पॅरिसच्या पोलीस प्रशासनाने १८९३ साली आदेश काढून वाहनचालकास परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेणे आवश्यक केले. ब्रिटनने याहून निराळा मार्ग धरला. तेथील १९०३ च्या कायद्याने परवाना आणला, परंतु तो शुल्क भरून मिळे आणि त्यासाठी परीक्षा नसे. सक्तीची चालनपरीक्षा तेथे १९३५ मध्ये सुरू झाली. हिंदुस्थानात १९१४ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्याची अखिल देशीय चौकट घातली. १९३९ च्या कायद्याने चालनक्षमतेची परीक्षा आणि शिकाऊ परवाना यांची व्यवस्था अधिक तपशिलाने केली. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलात आला, आणि त्याबरोबर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ हेही आले.

या नियमांत शिकाऊ चालकासंबंधी ज्या तरतुदी आहेत, त्यांतून कायद्याची दृष्टी स्पष्ट होते. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर असावे. शेजारी परवानाधारक शिक्षक अशा रीतीने बसलेला असावा की त्यास गाडी आवरता वा थांबवता येईल. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून निदान ३० दिवस लोटल्यावाचून परीक्षेस बसता येत नाही. वाहनशिक्षण संस्थेच्या गाडीत शिक्षकासाठी दुहेरी नियंत्रणाची सोय असावी. या सर्व तरतुदी योग्य आहेत. परंतु त्या अपघात टाळण्यासाठी आहेत, इंद्रियभार हलका करण्यासाठी नाहीत. तीस दिवसांची मुदत घातली गेली, पण त्या दिवसांत कोणत्या रस्त्यापासून आरंभ करून कोणत्या रस्त्यापर्यंत जावयाचे, याची क्रमवारी परवान्याच्या अटींत आली नाही.

शारीरिक पात्रतेच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. अपस्मार किंवा एकाएकी शुद्ध हरपण्याचा विकार आहे काय, २५ मीटरांवरील गाडीचा क्रमांक दिवसाच्या उजेडात वाचता येतो काय, तांबडा व हिरवा रंग ओळखता येतो काय, रातांधळेपणा आहे काय, नेहमीचे ध्वनिसंकेत ऐकू येणार नाहीत इतका बहिरेपणा आहे काय, अशा स्वरूपाचे प्रश्न त्यात आढळतात. हे सर्व प्रश्न उणिवेचे आहेत. अधिकाविषयी एकही प्रश्न नाही. ज्यास कमी ऐकू येते त्याची नोंद होते. ज्यास प्रत्येक हॉर्न अंगावर धावून आल्यासारखा वाटतो, ज्यास समोरील गाडीच्या प्रखर दिव्यानंतर काही क्षण काहीच सुचत नाही, त्याची नोंद कोठेही होत नाही. असा मनुष्य कायद्याच्या लेखी पूर्ण सक्षम असतो. मग परीक्षेत गडबडला की तो घाबरट ठरतो.

ध्वनीच्या बाबतीत तर प्रशासनाने भाराचा विचार केलाही, परंतु तो नागरिकांच्या शांततेच्या अंगाने. ट्रकच्या पाठीमागे ‘हॉर्न ओके प्लीज’ असे लिहिण्यास महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये मनाई केली. या शब्दांमुळे विनाकारण हॉर्न वाजविण्यास उत्तेजन मिळते, हे त्यामागील कारण होते. हॉर्न हा मुळात विशिष्ट प्रसंगी विशिष्ट व्यक्तीस दिलेला इशारा होय. तो अखंड वाजू लागला की इशारा राहत नाही, नुसता आवाज उरतो. अनुभवी चालक त्या आवाजातून आपल्यापुरता इशारा निवडून घेतो. नवशिक्यास ही निवड करता येत नाही, म्हणून तो प्रत्येक हॉर्नला उत्तर देऊ पाहतो आणि हातातील काम विसरतो.

३. मानसशास्त्राची वाटचाल

कायद्याने जो प्रश्न विचारला नाही तो मानसशास्त्राने हळूहळू विचारला. विल्यम जेम्स याने १८९० च्या आपल्या ग्रंथात सवयीचे जे विवेचन केले ते येथे पायाभूत ठरते. एखादी क्रिया सवयीची झाली की ती जाणीवपूर्वक अवधानाची अपेक्षा ठेवीत नाही आणि मन अन्य कार्यासाठी मोकळे होते, असे त्याचे तात्पर्य. १९०३ मध्ये गेओर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने महानगरातील मनोजीवनाविषयी लिहिताना, संवेदनांच्या सततच्या माऱ्यापासून बचाव करण्यासाठी नगरवासी मनुष्य एक प्रकारचा अलिप्तपणा अंगी बाणवतो, असे प्रतिपादिले. वाहनचालकाच्या बाबतीत या विचाराची मर्यादाही ध्यानात येते. पादचाऱ्यास अलिप्त राहणे परवडते, चालकास परवडत नाही. त्याने दुर्लक्ष करावयाचे असते, पण निवडून करावयाचे असते.

हार्वर्ड येथील ह्यूगो म्युन्स्टरबर्ग याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी ट्रामचालकांसाठी चाचणी तयार केली. रस्त्यावरील अनेक हलत्या वस्तूंपैकी कोणत्या धोक्याच्या आहेत हे उमेदवार किती त्वरेने व अचूकतेने ओळखतो, हे ती चाचणी पाही. प्रश्न बरोबर हेरला होता. परंतु उत्तर निवडीचे होते, शिक्षणाचे नव्हते. ज्याचे अवधान मुळातच चांगले त्यास घ्यावे, इतरांस वगळावे, असा तिचा रोख. भारतातही या परंपरेचा धागा दिसतो. हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे अपघात चौकशी समिती १९६२ मध्ये नेमण्यात आली, आणि त्याच दशकात रेल्वेच्या संशोधन संघटनेत मनस्तांत्रिक चाचण्यांचे काम सुरू झाले. आगगाडीच्या चालकांची संख्या मर्यादित असल्यामुळे तेथे निवड शक्य होती. मोटार मात्र घरोघर जाणार होती. तेथे निवडीचे तत्त्व पुरे पडणे शक्य नव्हते.

१९३८ मध्ये जेम्स गिब्सन आणि लॉरेन्स क्रूक्स यांनी एक महत्त्वाची कल्पना मांडली. गाडीपुढे रस्त्यावर जणू एक जीभ पसरलेली असते. ज्या मार्गाने अडथळ्याविना जाता येईल तो सर्व प्रदेश त्या जिभेत येतो, आणि अडथळ्यांनुसार ती क्षणोक्षणी आकार बदलते. या मोकळ्या क्षेत्रात गाडी ठेवणे म्हणजेच वाहन चालविणे. कुशल चालक शंभर वस्तू पाहत नाही. त्या सर्व मिळून जी एक मोकळी जागा उरते ती तो पाहतो. इंद्रियभाराचे कोडे या एका कल्पनेने बरेच सुटते, कारण भार वस्तूंच्या संख्येपेक्षा त्या सुट्या सुट्या राहिल्यामुळे होतो.

पुढील संशोधनाने यास प्रायोगिक आधार दिला. ब्राउन आणि पोल्टन यांनी १९६१ मध्ये, चालक गाडी चालवीत असता त्यास दुसरे लहानसे मानसिक काम देऊन, त्याच्यापाशी किती अवधान शिल्लक राहते हे मोजण्याची रीत वापरली. मुरंट आणि रॉकवेल यांनी १९७२ मध्ये डोळ्यांच्या हालचाली नोंदवून दाखविले की नवशिके चालक अनुभवी चालकांच्या मानाने लहानशा क्षेत्रात आणि गाडीच्या अधिक जवळ पाहतात. दूरचा रस्ता त्यांना दिसत नसतो असे नाही. जवळच्या रस्त्यावर गाडी नीट राहते की नाही याच चिंतेत त्यांची नजर अडकून पडते. जवळ पाहिले की प्रत्येक गोष्ट एकाएकी समोर आल्यासारखी भासते, आणि भार आणखी वाढतो. शिफ्रिन आणि श्नायडर यांनी १९७७ मध्ये नियंत्रित आणि स्वयंचलित अशा दोन प्रकारच्या मनोव्यापारांचा भेद सविस्तर मांडला. जेम्सने सवयीविषयी जे म्हटले होते त्याला अशा रीतीने शास्त्रीय रूप आले. हातापायांचे काम स्वयंचलित होईपर्यंत डोळ्यांना मोकळीक मिळत नाही, हा या सर्व अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष म्हणता येईल.

४. केबिन, शेत आणि शिकवणीची गाडी

आता तिसऱ्या, अलिखित धारेकडे वळणे इष्ट होईल. घाटावरच्या मुलुखात मोटार चालविण्याचे शिक्षण दीर्घकाळ कोणत्याही संस्थेत होत नव्हते. सर्व्हिस मोटारी, पुढे ट्रक, आणि त्यांवर काम करणारे ‘क्लीनर’ (बोलीत ‘किन्नर’) हीच तिची शाळा होती. क्लीनरचे काम गाडी धुणे, चाक बदलणे, रेडिएटरमध्ये पाणी घालणे हे तर होतेच. परंतु रस्त्यावर असताना तो चालकाच्या डाव्या अंगाचे डोळे आणि कान असे. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या उंच गाडीच्या डाव्या बाजूस काय आहे हे चालकास नीट दिसत नाही. ते पाहून सांगणे, मागे घेताना उतरून हाळी देणे, गाडीच्या पत्र्यावर थाप मारून थांबण्याची वा निघण्याची सूचना करणे, ही कामे त्याची. राज्य परिवहनाच्या बसमध्ये वाहकाच्या घंटीचे संकेत याच जातीचे आहेत. एक घंटी थांबण्याची, दोन निघण्याची. बैल गेल्यावर वाहनात इंद्रियांची जी दुसरी जोडी उरली नव्हती, ती क्लीनरच्या रूपाने परत आली, असे म्हणणे वावगे होणार नाही.

या व्यवस्थेचा शैक्षणिक परिणाम असा की क्लीनर यंत्रास हात लावण्यापूर्वी रस्ता शिके. मेहकरहून खामगावकडे कापसाचा ट्रक जात असता कोठे वळण अवघड आहे, बाजाराच्या दिवशी कोठे गर्दी असते, घाटात समोरून येणाऱ्यास जागा कशी द्यावी, हे त्याच्या डोळ्यांत भरून जाई, आणि त्या वेळी त्याच्या हातापायांवर कोणतीच जबाबदारी नसे. पुढे गाडी त्याच्या हाती आली तेव्हा रस्ता त्याला नवा नसे, केवळ यंत्र नवे असे. भार निम्मा झालेला असे. शिवाय जे दिसले ते मोठ्याने बोलण्याची त्याची सवय ही स्वतःच एक साधना होती. लंडनच्या पोलिसांनी हेंडन येथील आपल्या चालनशाळेत १९३० नंतरच्या दशकात जी पद्धती विकसित केली, तीत चालकास समोर दिसणारे आणि आपण करू पाहतो ते सतत बोलून दाखवावे लागे. बोलताना निवड करावीच लागते, आणि निवड झाली की गोंगाटाला आकार येतो. हेंडनने जे विचारपूर्वक केले ते क्लीनरच्या हाळीत गरजेपोटी आलेले होते.

शेतातील ट्रॅक्टरने दुसरा क्रम घालून दिला. शेतकऱ्याचा मुलगा प्रथम नांगरलेल्या वावरात ट्रॅक्टर चालवू लागतो. तेथे समोरून कोणी येत नाही, मागून हॉर्न वाजत नाही. क्लच लवकर सुटला तर यंत्र हिसका देऊन बंद पडते, एवढीच शिक्षा. हातापायांचे काम सवयीचे झाल्यावर तो गाडरस्त्यास येतो आणि शेवटी डांबरी रस्त्यास लागतो. क्लीनर रस्त्यापासून यंत्राकडे गेला, ट्रॅक्टरवाला यंत्राकडून रस्त्याकडे आला. क्रम उलट असले तरी तत्त्व एकच आहे : एका वेळी एकच विद्या.

शिकवणीची गाडी या दोन्हींहून भिन्न ठरते. तेथे विद्यार्थी पहिल्याच दिवशी सुरू असलेल्या गाडीत, वाहत्या रस्त्यावर बसतो. दुहेरी ब्रेकमुळे तो सुरक्षित असतो, पण दोन्ही विद्यांचा भार त्याच्यावर एकदम पडतो. शिक्षक चांगला असेल तर तो मोकळ्या मैदानापासून आरंभ करतो. परंतु हे शिक्षकाच्या समजुतीवर अवलंबून राहते.

येथे जुन्या रीतीचे उदात्तीकरण होऊ नये म्हणून तिच्या दोषांचाही निर्देश केला पाहिजे. क्लीनरची उमेदवारी ही पुष्कळ ठिकाणी अल्पवयीन मुलांच्या श्रमावर चालत असे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने मोटार परिवहनाच्या व्यवसायात बालकांस कामावर ठेवण्यास मनाई केली, ती उचितच होती. त्या उमेदवारीत चालकाचे दुर्गुणही शिकले जात. आणि सर्वांत मोठा दोष असा की ही शाळा पुरुषांपुरती होती. ट्रकची केबिन स्त्रियांस बंद होती आणि ट्रॅक्टरची बैठकही बहुधा घरातील मुलाच्या वाट्यास येई. म्हणून आज डोणगावसारख्या गावातील तरुणी वाहन शिकू लागते तेव्हा तिच्यापुढे शिकवणीची गाडी हाच एक मार्ग असतो. रस्ता डाव्या दरवाज्यातून पाहण्याची वर्षे तिला लाभलेली नसतात आणि वावरात यंत्र हाताळण्याची संधीही नसते. ती गडबडली तर दोष तिच्या स्वभावास दिला जातो. वस्तुतः तिच्या भावाने दोन हप्त्यांत भरलेले कर्ज तिला एका हप्त्यात भरावयास सांगितलेले असते. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या बसगाड्या २०२३ मध्ये प्रशिक्षित महिला चालकांच्या हाती आल्या, या घटनेवरून प्रश्न कुवतीचा नसून क्रमाचा आहे हे स्पष्ट होते.

५. तीव्र संवेदनेचे विद्यार्थी

काही व्यक्तींच्या बाबतीत इंद्रियभार हा केवळ नवखेपणाचा परिणाम नसतो. १९४३ मध्ये लिओ कॅनर याने बालकांतील स्वमग्नतेचे वर्णन प्रसिद्ध केले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात, ध्वनी, प्रकाश, स्पर्श इत्यादींना अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद देणे हे स्वमग्नतेच्या लक्षणांपैकी एक म्हणून प्रथमच निकषांत नमूद झाले. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. अशा व्यक्ती नियम पाळण्यात अनेकदा अत्यंत काटेकोर असतात. त्यांची अडचण नियमाची नसते, माऱ्याची असते. स्वमग्नता नसतानाही इंद्रिये तीव्र असलेली माणसे पुष्कळ आहेत.

त्यांच्यासाठी निराळे शास्त्र लागत नाही. जे सर्वांस उपकारक तेच त्यांस आवश्यक ठरते, एवढाच फरक. इंजिन बंद ठेवून पेडल आणि गिअर यांची ओळख करून घेणे. नंतर मोकळ्या मैदानात, सकाळच्या शांत वेळी, केवळ गाडी सोडणे आणि थांबविणे. पुढे एकच ओळखीचा रस्ता पुन्हा पुन्हा. त्याच रस्त्यावर आधी शेजारी बसून, मोठ्याने बोलत, नजरेचा सराव. आणि सर्वांत शेवटी बाजाराची गर्दी व रात्रीचे दिवे, असा हा क्रम आहे. पाठ लहान असावेत, कारण थकलेले मन निवड करू शकत नाही. शिक्षकाने एका वेळी एकच सूचना द्यावी. ओरडून दिलेली सूचना ही भारात पडलेली आणखी एक भर असते. भार असह्य झाला असता इशारा देऊन गाडी कडेला घेणे हे अपयश मानू नये. ते चालनकौशल्याचेच अंग होय.

६. उलट टोक

घाटावरच्या मुलुखास अलीकडे इतिहासाने दुसरा धडा दिला आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णत्वास गेला. हलक्या वाहनांस येथे ताशी १२० किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारे ३३ मीटर, इतकी वेगमर्यादा आहे. या मार्गावर सिंदखेडराजा तालुक्यात १ जुलै २०२३ च्या पहाटे झालेल्या बस अपघातात २५ प्रवासी मृत्यू पावले. अशा अपघातांची कारणे अनेक असतात आणि एकाच कारणावर बोट ठेवणे शास्त्रास धरून होणार नाही. तथापि या मार्गाच्या संदर्भात एकसुरी रस्त्यामुळे येणाऱ्या गुंगीची चर्चा वारंवार झाली, हे नमूद करणे आवश्यक आहे.

नॉर्मन मॅकवर्थ याने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखविले होते की एकसारख्या दृश्याकडे पाहत बसलेल्या माणसाची सूक्ष्म बदल टिपण्याची शक्ती अर्ध्या तासातच घसरू लागते. रडारवरील निरीक्षकांच्या संदर्भात हा अभ्यास झाला होता. १९६३ मध्ये ग्रिफिथ विल्यम्स याने महामार्गावरील संमोहनाविषयी आपली उपपत्ती मांडली. म्हणजे संवेदने अति झाली तरी अवधान कोलमडते आणि अति कमी झाली तरी ते विझते. डोणगावच्या परिसरातील नव्या चालकास ही दोन्ही टोके थोड्या अंतरावर भेटतात. जुन्या मार्गावर गुरे, दुचाक्या आणि ट्रक यांची दाटी, तर नव्या मार्गावर मैलोगणती काहीच न घडणारी काँक्रीटची पट्टी. एकीवर शिकलेले अवधान दुसरीवर जसेच्या तसे उपयोगी पडत नाही. परीक्षा मात्र दोन्हींसाठी एकच आहे.

७. समारोप

टप्प्याटप्प्याने मोकळीक देण्याचे तत्त्व कायद्यात आणणे अशक्य नाही. न्यूझीलंडने १९८७ मध्ये नव्या चालकांसाठी क्रमवार परवान्याची पद्धत स्वीकारली. तीत आरंभी रात्रीच्या चालनावर आणि सोबत प्रवासी नेण्यावर मर्यादा असतात, आणि अनुभवानुसार त्या उठतात. भारतात २०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी जे नियम झाले, त्यांत हलक्या वाहनासाठी २९ तासांचा अभ्यासक्रम ठरविला असून कृत्रिम चालनयंत्र आणि सरावपथ यांची अट घातली आहे. यंत्र आधी आणि रस्ता नंतर, हे ट्रॅक्टरवाल्याचे तत्त्व त्यात शासनाने स्वीकारले असे म्हणता येईल. क्लीनरचे तत्त्व, म्हणजे चालविण्यापूर्वी रस्ता पाहणे, बोलणे आणि ओळखणे, यास मात्र अद्याप परवान्याच्या व्यवस्थेत स्थान मिळालेले नाही. त्यास खर्च जवळजवळ लागत नाही. कुटुंबातील कोणी चालवीत असता शेजारी बसून रस्ता वाचण्याचा सराव करणे, एवढेच त्यासाठी पुरेसे आहे.

वाहनशिक्षणाच्या इतिहासात यंत्राचा आणि कायद्याचा इतिहास भरपूर लिहिला गेला आहे. अवधानाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याची साधने कचेऱ्यांतील दप्तरांपेक्षा जुन्या चालकांच्या व क्लीनरांच्या स्मरणात अधिक सापडतील. मेहकर, चिखली, लोणार या भागांत ती स्मरणे सांगू शकणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. कोणत्या वयात केबिनमध्ये बसलो, पहिल्या वर्षी काय दिसत नसे आणि पुढे काय दिसू लागले, गाडी हाती आली तेव्हा भय कशाचे वाटले, हे प्रश्न विचारून त्यांची मौखिक नोंद करणे हे पदव्युत्तर अभ्यासकांस सहज हाती घेता येण्याजोगे काम आहे. त्या नोंदींतून जे मिळेल त्याचा उपयोग केवळ इतिहासास होणार नाही. भर रस्त्यात हात थिजलेल्या प्रत्येक नवशिक्यास, तू अपात्र नाहीस, तुला दोन विद्या एकदम दिल्या गेल्या, हे साधार सांगता येईल.